साच्यातल्या स्त्रिया

तेरणा नदीच्या काठचे तेर हे गाव आज धाराशिव जिल्ह्यातील एक मोठे खेडे म्हणूनच ओळखले जाते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ज्या तगर नगराची नोंद करून ठेवली आहे, आणि जेथून कापडाने लादलेल्या गाड्या भडोचच्या बंदराकडे रवाना होत असत असे तो सांगतो, ते नगर म्हणजे हेच तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार दाखवून दिले. पावसाळ्यात गावच्या टेकाडांवरची पांढरी माती वाहू लागली की तिच्यातून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि भाजक्या मातीची माणसे वर येतात. ही माणसे जपून ठेवावी असे शासनाच्या कोणा अधिकाऱ्याच्या मनात येण्यापूर्वी ते गावातल्याच एका व्यापाऱ्याच्या मनात आले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि त्यांतल्या मातीच्या बायका ज्याने एकदा नीट पाहिल्या त्याला त्या सहसा विसरता येत नाहीत.

पुढे दिलेला संवाद या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात झाला. बोलणारी दोघे नात्याने मामा-भाची. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निजामी अमदानीतली उर्दू दप्तरे वाचू शकणाऱ्या, आता विरळ होत चाललेल्या माणसांपैकी ते एक आहेत. भाची पुण्यास नोकरी करते आणि गेली कित्येक वर्षे एका निराळ्याच वस्तूचा संग्रह करीत आली आहे. सन १९६० ते १९९० च्या दरम्यान चित्रपटांतून व दूरचित्रवाणीवरून गाजलेल्या नायिकांच्या, मुठीत मावतील अशा प्लॅस्टिकच्या मूर्ती, ज्यांना बाजारात ॲक्शन फिगर म्हणतात, त्या ती देशोदेशींच्या विक्रेत्यांकडून मिळवते. मामांना हा छंद मान्य नाही, आणि आपली अमान्यता ते लपवून ठेवीत नाहीत. प्रस्तुत लेखकाने दोघांचे बोलणे ऐकले, आणि जे आठवते ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत येथे मांडले आहे.

मामा : तू जे जमवतेस त्याला मी पोरखेळ म्हणणार नाही, कारण तो पोरखेळ असता तर माझी काही तक्रारच नव्हती. पोर बाहुलीशी खेळते, खेळता खेळता तिचा हात निखळतो, केस गळतात, एके दिवशी ती परसात कोठे तरी हरवते, आणि बाहुलीचे जे काही आयुष्य असते ते तिने असे पुरेपूर भोगलेले असते. आपल्या देवघरातला भवानीचा टाक आठव. रोजचे स्नान, रोजचे हळदकुंकू, नवरात्रातला घट, खंडेनवमीची शस्त्रपूजा, असे होता होता चांदीच्या त्या पत्र्यावरचे देवीचे नाक झिजून गेले आहे, आणि तिचे आठ हात आज बोट फिरवून मोजावे लागतात. घरात कार्य निघाले की आपण देव उजळून घ्यायला सोनाराकडे देतो, आणि टाक अगदीच झिजला असला तर त्याच ठशाचा नवा करून घेतो. मूर्ती म्हटली की तिला सेवा तरी हवी, नाही तर खेळ तरी. तुझ्या फडताळात बसलेल्या त्या बायकांना यांपैकी काय आहे?

भाची : मामा, तुम्ही टाकाचे नाव काढले हे बरे झाले, कारण हातात शस्त्र घेतलेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती त्या टाकावरच. लहानपणी पूजेच्या वेळी मी तुमच्याजवळ बसत असे, आणि महिषाच्या मानेवर पाय दिलेल्या त्या बोटभर देवीकडे पाहताना भक्तीपेक्षा अचंबाच अधिक वाटे. पुढे दूरदर्शनवर ही-मॅनची मालिका लागू लागली, आणि त्या दंडेल पुरुषांच्या गर्दीत राजवाड्याच्या रक्षकदलाची नायिका असलेली टीला पाहिली, तेव्हा मला ती परकी वाटली नाही. आळीतली मुले ही-मॅन व्हायची आणि मला राजकन्या करून झाडाखाली बसवायची. मी टीला होईन असे म्हटले तर ते कोणाला पटत नसे. तिची मूर्ती पुष्कळ वर्षांनी मिळाली, आणि ती मिळाल्यावर मी तिला पुजली नाही की तिच्याशी खेळले नाही हे खरेच. पण ती माझ्याकडे असावी असे मला वाटले, एवढे कारण मला पुरेसे होते.

मामा : तुला वाटले हे कारण तुला पुरेल, इतरांना पुरणार नाही. आत जी मातीची बाई तू आता पाहिलीस तिला या मातीचा, या नदीचा, येथल्या कुंभाराच्या हाताचा आधार आहे. तेरसारख्या गावी, जेथे गोरोबाकाकांची समाधी आहे, आणि जेथे त्यांनी थापटण्याने संतमंडळींची मडकी पक्की की कच्ची हे पारखले असे आपण परंपरेने मानतो, तेथे मातीला आकार देणाऱ्या हाताची थोरवी मी तुला सांगावी असे नाही. तुझी टीला कोठल्या हाताने घडली? अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कारखान्यात एकाच साच्यातून अशा लक्षावधी निघाल्या असतील, आणि त्याही विक्रीसाठी.

भाची : आतली बाईसुद्धा साच्यातूनच आलेली आहे, मामा. तुम्ही काचेतून तिचा चेहरा पाहिलात, मी तिची कूस पाहत होते. केओलिन नावाच्या पांढऱ्या, मऊ मातीची ती पोकळ मूर्ती आहे. पुढचा अर्धा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही ओले असतानाच जोडून सांध्यावरची वर आलेली माती सुरीने तासून टाकायची, अशी ती पद्धत. कानाच्या जड कुंडलापासून कमरेपर्यंत उतरणारी ती सांध्याची रेघ, तासली असली तरी, प्रकाश तिरपा पडला की दिसते. माझ्याकडच्या मूर्तींना अगदी त्याच जागी तशीच रेघ आहे, कारण त्यांचाही पोलादी साचा दोन अर्धांचाच. अशाच बायका पैठणला, नेवाशाला, भोकरदनला मिळाल्या, निजामाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली कोंडापूरला उत्खनन केले तेथेही मिळाल्या. ज्या वस्तू इतक्या दूरदूरच्या पेठांत सारख्या धाटणीच्या सापडतात, त्या काही एका कुंभाराने एका घरासाठी केलेल्या नव्हेत. त्या त्या काळच्या बाजारातल्या वस्तू आहेत, आणि दोन साच्यांची ही रीतच मुळी रोमन व्यापाराबरोबर इकडे आली असावी असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

मामा : मत आहे, शाबीत झालेले नाही.

भाची : कबूल. पण परदेशी नायकांची मोहिनी येथल्या माणसांना पडत असे, याला तर मातीचाच दाखला आहे. रोमन सम्राटाच्या नाण्याची मातीतली नक्कल, वर दोरा ओवायला जागा ठेवलेली, अशी पदके तेरला मिळाली आहेत. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते असा तगरचा कोणी माणूस दूरदेशीच्या, कधी न पाहिलेल्या राजाचा मुखवटा मातीत उमटवून गळ्यात घालीत असे. तुम्ही माझ्या छंदाला परकीय म्हणता, तेव्हा मला तो माणूस आठवतो. आणि उलट दिशेचा माल तर तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

मामांना तो ठाऊक होता, आणि येथे त्यांनी स्वतःच ती हकीकत सांगितली. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात, अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्री सापडली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, दोन्ही बाजूंस दोन लहान परिचारिका, आणि डोक्यातून खाली गेलेले एक छिद्र, ज्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा भाग असावा असे तर्क झाले. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. तिच्या जवळच्या नात्यातली म्हणावी अशी हस्तिदंती स्त्री तेरला मिळाली, आणि १९७० नंतरच्या उत्खननात भोकरदनलाही तशीच एक भग्न मूर्ती हाती आली, त्यामुळे पाँपेईची बाई दख्खनच्या कारागिरांकडून गेली असावी असे मानणारा एक पक्ष आहे. मामांचा कल या पक्षाकडे आहे, हे त्यांच्या सांगण्यातल्या उत्साहावरून कळत होते. आणि ज्या घरात ती बाई सापडली तेथल्या माणसांना तिचे नाव, तिची कथा, तिचे दैवत यांतले काहीएक ठाऊक नसावे, तरीही त्यांनी ती आवडीने बाळगली, हा भाचीने काढलेला निष्कर्ष त्यांना खोडून काढता आला नाही. मात्र त्यांनी तो मान्यही केला नाही. ते दुसऱ्याच बाजूने चालून आले.

मामा : बाजारातल्या वस्तू म्हणून दोन्ही सारख्या, हे घटकाभर धरून चालू. पण बाजार कोणाचा? तुझ्या टीलेचे चिलखत पोहण्याच्या पोशाखाएवढे आहे. पुरुषांनी आखलेल्या, पुरुषांच्या डोळ्यांसाठी घडवलेल्या या बायका तुझ्यासारखीने जमवाव्या, याचे मला खरोखर नवल वाटते.

भाची : आतल्या बायकांच्या अंगावर तरी कोठे काय आहे, मामा? लज्जागौरीच्या लहान लहान मूर्ती तेरला मिळाल्या आहेत, रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्यावर सबंध ग्रंथ लिहिला, आणि जिच्याकडे पाहताना भलेभले विद्वान नजर चुकवीत होते ती सर्जनाची देवता आहे हे मराठी वाचकांपुढे ठेवले. टीला ही देवता आहे असे मी म्हणत नाही. तिचा पोशाख मलाही आवडत नाही. पण माझी खरी तक्रार पोशाखाबद्दल नाही, संख्येबद्दल आहे, आणि माझ्या संग्रहाचे मूळ तेथेच आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा बारा इंची शिपाई मुलग्यांसाठी बाजारात आणला, आणि १९६७ साली त्याच मालिकेत एक परिचारिका काढली. मुलगे बाई घेईनात, मुलींच्या फळीवर ती कोणी मांडीना. माल पडून राहिला, आणि आज ती मूर्ती अत्यंत दुर्मिळ झाली आहे. पुढे १९७८ साली केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या पहिल्या बारा मूर्ती काढल्या, त्यांत बाई एकच, राजकन्या लेया. १९८२ साली ही-मॅनची मालिका आली, तिच्या पहिल्या वर्षी बाई एकच, टीला. त्याच वर्षी जी. आय. जो लहान आकारात पुन्हा आला, त्यातही बाई एकच, स्कार्लेट.

मामा : जी एकच असते ती नजरेत अधिक भरते.

भाची : ती नजरेत भरावी म्हणून एक ठेवलेली नव्हती, दोन विकल्या जाणार नाहीत या हिशेबाने एक ठेवलेली होती. तुम्हाला एक तपशील सांगते. १९७८ ते १९८४ या काळात केनरने स्टार वॉर्सच्या कितीतरी मूर्ती काढल्या, पण मानवी स्त्री म्हणून शेवटपर्यंत लेयाच राहिली. नवी बाई काढण्याऐवजी त्याच बाईचे पाच पोशाख काढले. ही-मॅनच्या मालिकेत टीलेची शत्रू म्हणून १९८३ साली ईव्हिल-लिन आणली, तिला देहसुद्धा निराळा दिला नाही. टीलेच्याच साच्यातून काढून रंग बदलला. मी या मूर्ती शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मला त्या काळचा एक सबंध ताळेबंद समोर मांडलेला दिसतो. आणि हा ताळेबंद मिटलेला नाही. २०१५ साली ज्या स्टार वॉर्स चित्रपटाची नायिकाच एक मुलगी होती, त्याच्या मोनोपॉली खेळातून नेमकी तीच वगळली गेली होती, आणि पोरासोरांनी पत्रे लिहिली तेव्हा कंपनीला ती घालावी लागली.

येथे लेखकाला आपला एक विचार नोंदवावासा वाटतो. मातीच्या त्या प्राचीन मूर्तींत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि प्लॅस्टिकच्या या आधुनिक मूर्तींत ती इतकी अल्प आहे. या विरोधाचा अर्थ प्राचीन समाजात स्त्रीला अधिक मान होता असा घाईने लावता येणार नाही, कारण मूर्ती घडवणे निराळे आणि मान देणे निराळे, हे आपल्या देवीभक्त समाजाकडे पाहूनही कळते. परंतु कोणत्या काळाने कोणाच्या प्रतिमा बाजारात आणल्या, कोणत्या आणल्या नाहीत, आणि आणलेल्यांपैकी कोणत्या पडून राहिल्या, हे ग्रंथांपेक्षा अशा क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूंवरूनच अधिक निःसंदिग्धपणे सांगता येते. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ हा बोलपट १९३५ साली झळकला, तेव्हा घोड्यावर बसून चाबूक चालवणाऱ्या नादियाच्या नावावर चाबूक, पट्टे, आगपेट्या अशा कितीतरी चिजा कोणाची परवानगी न घेता बाजारात विकल्या गेल्या. त्यांतली प्रत्येक वस्तू आज त्या नायिकेच्या लोकप्रियतेचा बिनतोड पुरावा ठरली असती. परंतु आगपेटी संपली की ती फेकून देण्याचीच वस्तू, असे जवळजवळ सर्वांनी मानले. पुण्यास दिनकर केळकर यांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या आणि बाहुल्या जमवायला आरंभ केला आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनास देऊन टाकला, त्या वस्तूही त्या त्या घरांत अडगळच होत्या. या बाबतीत माझे मत भाचीच्या बाजूचे आहे. पण यानंतर मामांनी जो मुद्दा काढला, तो मला त्याहूनही वजनदार वाटला.

मामा : लामतुऱ्यांचे ऋण मी नाकारीत नाही. डग्लस बॅरेटसारखा ब्रिटिश म्युझियमचा माणूस १९६० साली तेरवर पुस्तक लिहितो ते त्या संग्रहाच्या बळावर. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का? त्या संग्रहातली कितीएक बाई टेकाडाच्या कोणत्या थरातून आली, तिच्या शेजारी काय होते, चूल होती की वेदी, हे आज कोणालाही सांगता येत नाही. पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी १९५८ साली येथे खणले तेव्हा थर मोजून, मोजमापाने खणले. म्हणून त्यांना मिळालेली फुटकी खापरी जे सांगते ते आतली सुंदर बाई सांगू शकत नाही. ती देवी होती, बाहुली होती, की नवसाला वाहिलेली कोणी होती, हे आपण तिच्या चेहऱ्यावरून ताडत बसतो. मी आयुष्यभर फेरफार रजिस्टर सांभाळले. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, खरेदीने की वारसाने, कोणत्या तारखेस, हे ज्या दप्तरात नाही त्या दप्तरातली जमीन असून नसल्यासारखी. तुझ्या संग्रहाचे रजिस्टर आहे?

भाचीने पिशवीतून एक वही काढली, आणि वहीबरोबर रुमालात गुंडाळलेली एक मूर्ती. साडेनऊ सेंटिमीटरांची लेया. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या एवढेच पाच सांधे हलणारी. अंगावरचा पांढरा व्हायनिलचा झगा बाहीच्या भोकाशी उसवून फाटला होता, दोन्ही कानांवर वळलेल्या केसांच्या गुंडाळ्यांवरचा तपकिरी रंग कंगोऱ्यांवर उडाला होता, आणि उजव्या हाताची बोटे एकत्र चेपलेली होती. मामांनी चष्मा वर करून मूर्ती डोळ्यांजवळ नेली, आणि पायाच्या मागच्या बाजूस कोरलेली बारीक अक्षरे वाचली: सन १९७७, हाँगकाँग.

मामा : हिच्या अंगावर सन आहे, गावही आहे. तगरच्या बाईला एवढे भाग्य नव्हते. पण तू तर १९७८ म्हणालीस.

भाची : सन हक्काचे आहे, विक्रीचे नव्हे, दुकानात ती पुढच्या वर्षी आली. वहीत दोन्ही लिहिले आहे. खरेदीचा दिनांक, किंमत, विक्रेत्याचे गाव, झगा मूळचा की मागाहून घातलेला, कोठे रंग उडाला, सारे आहे. माझ्याकडे पुठ्ठ्यावर बंद असलेली मूर्ती एकच आहे, मामा; बाकी सगळ्या अशाच, खेळून झालेल्या. पुठ्ठ्याची कडसुद्धा दुमडलेली नसली की किंमत कितीतरी पट होते, ती मला परवडतही नाही आणि तिचे मला आकर्षणही नाही. ही बोटे पाहिलीत ना? ती दातांनी चेपली आहेत. कोण्या पोराने ही तोंडात धरली होती.

मामा : कोणत्या?

भाची : ते विक्रेत्याला ठाऊक नसते. जुन्या घराचा माल एकत्र उचलून आणतात.

मामा : तू विचारलेस?

भाची काही बोलली नाही.

मामा : हाच तुझा थर, आणि तो तू खणून टाकलास. उसवलेली भोके तू मोजलीस, रंगाचे कोपरे टिपलेस, आणि ज्याने चावली त्याची चौकशी केली नाहीस. ते पोर मुलगा होते की मुलगी? मुलगे बाई घेत नव्हते असे तू मघाशी ठामपणे सांगितलेस; कंपनीच्या हिशेबाने ते खरे असेलही, पण हे दात मुलग्याचे असले तर तुझ्या ताळेबंदाच्या एका रकान्यात फरक पडतो. पाच ठिकाणी विचारशील तर एक ठिकाणी उत्तर मिळेल. लामतुऱ्यांच्या हयातीत टेकाडावरच्या प्रत्येक मण्याचा थर टिपून ठेवणारे शास्त्र गावात नव्हते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. तुझ्या मूर्तींची पहिली मालकीण अजून कोठे तरी जिवंत आहे.

भाची : विचारीन. यापुढे प्रत्येक वेळी विचारीन, आणि मागच्यांनाही पत्रे घालीन. पण मग तुम्ही मला एक सांगा. वापराने मूर्ती सार्थ होते, झिजली की नवी करावी, असे तुम्ही आरंभी म्हणालात. आपल्या घरातला हा टाक किती जुना?

मामा : माझ्या आजोबांच्या लग्नात नवा केलेला.

भाची : त्याच्या आधीचा?

मामा : सोनाराने आटवून याच्यात घातला असेल. वहिवाट तीच आहे.

भाची : म्हणजे पणजोबांच्या घरची भवानी कशी दिसत होती, तिचा महिष डावीकडे होता की उजवीकडे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच झाले असणार. सेवेने जी मूर्ती पूर्ण होते तीच सेवेने नाहीशीही होते. लामतुऱ्यांच्या बायका राहिल्या त्या मातीत हरवल्या म्हणून आणि नंतर कोणी उचलून ठेवल्या म्हणून. पूजेत राहिल्या असत्या तर त्यांतली एकही आपल्यापर्यंत पोहोचली नसती.

मामा : आणि तुझ्या किती पोहोचतील? भाजलेली माती दोन हजार वर्षे टिकली. प्लॅस्टिकचे काय होते तेही वहीत लिहून ठेव.

भाची : लिहिले आहे. पांढरे भाग उन्हाने पिवळे पडतात. व्हायनिल मऊ राहावे म्हणून जे द्रव्य त्यात घालतात ते वर्षांनुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर झिरपते आणि मूर्ती चिकट होते. टीलेचे पाय आतून रबराने ओढून धरलेले असतात, ते रबर वाळले की पाय लोंबू लागतात. म्हणून मी त्या अंधारात ठेवते, आणि तुम्हाला त्या फडताळात कोंडलेल्या दिसतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षे झालेली कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९७८ साली दुकानात आलेली ही लेया तोवर टिकली तर २०७८ साली कोणी अधिकारी तिचीही दखल घेईल. तेव्हा तिच्याबरोबर वही असेल एवढे मी पाहते.

मामा : वही कोणाच्या ताब्यात?

भाची : तोच प्रश्न मला टाकाबद्दल विचारायचा होता. वाटणी झाली की मूळ देव थोरल्याकडे राहतात, धाकटे नवे टाक करून घेतात. घरातल्या मुलीकडे ना मूळ येतो ना नवा. आठ हातांची ती देवी पिढ्यान् पिढ्या घरातल्या बायांनी घासली, उजळली, तिच्यापुढे जोगवा म्हटला, आणि वारसाच्या नोंदीत एकीचेही नाव नाही. माझ्या फडताळातल्या बायका कोणाच्या दर्जाच्या असोत, त्या माझ्या नावावर आहेत.

यावर मामा पुष्कळ वेळ बोलले नाहीत, आणि जेव्हा बोलले तेव्हा वारसाच्या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. वहिवाट एका माणसाच्या मर्जीने बदलत नाही, असे ते म्हणाले. आणि मग, मार्गशीर्षात नातवाचे लग्न आहे, त्यापूर्वी देव उजळायला द्यायचे आहेत, टाक आता खरोखरच झिजला आहे, असे सांगितले. भाचीने तो न आटवता तिला द्यावा अशी विनंती केली. त्यांनी ती साफ नाकारली.

मामा : देव देवघरातच राहील, आणि सोनाराकडेही जाईल, त्यात तडजोड होणार नाही. पण त्यापूर्वी त्याचा ठसा घ्यायचा असेल तर घे. मेणात नको, शाडूत घे. पूजा होण्यापूर्वी, पारोशाने नव्हे. दोन्ही बाजूंचा घे. वजन सोनाराच्या काट्यावर होईल ते माझ्यादेखत टिपून घे. आणि खाली लिहिताना आजोबांच्या लग्नाचे जे मी सांगितले ते ऐकीव म्हणून लिही, कारण ते मी पाहिलेले नाही. महिष कोणत्या बाजूस आहे ते मात्र ठशावरून पाहून लिही. नाव तुझेच घाल.

भाची : ठसा घेणारी म्हणून?

मामा : रजिस्टर ज्याचे असते, सही त्याची असते. आधी त्या विक्रेत्यांना पत्रे घाल. ते काम लग्नापूर्वी व्हायला हवे, नंतर तुला सवड व्हायची नाही.